लेफ्ट टॅकलचं बाळंतपण

आमच्या शेकाच्या काकूंना माणसाचं दुखणं कुठलंही असो, उपचार एकच ठाऊक होता, बाळंतिणीचा. समोरचा अपेंडिक्स काढून आलेला असो, परीक्षेत आपटलेला असो, की नोकरी जाऊन व्हिसाच्या काळजीत बसलेला असो, काकू त्याच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघत आणि निकाल देत, "रक्त नाही अंगात. सव्वा महिना माझ्याकडे जेवायला ये." मग डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी आणि वर चिमूटभर बाळंतशेप. घटस्फोट झालेल्या एका पुण्याच्या मुलालाही त्यांनी हेच दिलं. सव्वा महिन्यानंतर तो म्हणाला, "काकू, दुःख आहे तसंच आहे, पण आता पँट होत नाहीत." काकू म्हणाल्या, "मग अर्धं काम झालं."

काकू मूळच्या कऱ्हाडच्या. यजमान इथल्या युनिव्हर्सिटीत शेतीच्या शाखेत प्राध्यापक होते. ते गेल्यावर मुलगा फ्रिस्कोहून सारखा म्हणायचा, "आई, आता टेक्सासला ये." काकूंचं उत्तर ठरलेलं, "इथे माझ्या बाळंतिणी आहेत." खोटं नव्हतं ते. आमच्या या कॉलेजच्या गावात मराठी घरं थोडी, आणि ज्या मुलीच्या आईला व्हिसा मिळाला नाही तिचं बाळंतपण काकूंनी केलेलं. आमच्या ईशाच्या वेळी माझ्या बायकोच्या, अनघाच्या आईला व्हिसा नाकारला, तशा काकू गोधड्या आणि शेगडी घेऊन आमच्या अपार्टमेंटमध्ये दाखल झाल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी खाटेखाली ओवा-वावडिंगाची धुरी केली, स्मोक अलार्म बोंबलायला लागला आणि थोड्याच वेळात फायर ब्रिगेडची माणसं दारात. काकूंनी आडवा हात धरला. "बूट काढा. आत बाळंतीण आहे." मी इंग्रजीत काही सांगायच्या आत त्यांनी बूट काढले. डोक्यावर हेल्मेट आणि पायात नुसते मोजे अशी ती धिप्पाड माणसं चवड्यांवर चालत आत गेली, शेगडी बघून आली आणि हळूच दार ओढून घेऊन गेली. तेव्हापासून त्या शेकाच्या काकू.

मी कमी बोलणारा माणूस आहे. अनघा म्हणते, ह्याच्या पोटातली गोष्ट बाहेर यायला कोणीतरी मरावं लागतं. गेल्या हिवाळ्यात काकू फ्रिस्कोला मुलाच्या घरी वारल्या. तेव्हा आता सांगतो.

आधी थोडं फुटबॉलचं सांगायला हवं. इथलं फुटबॉल, पायाने कमी आणि अंगाने जास्त खेळतात ते. त्यात बॉल फेकणारा एक असतो, क्वार्टरबॅक. त्याच्या पुढे पाच आडदांड मुलं उभी असतात, ती ऑफेन्सिव्ह लाइन. समोरून चाल करून येणाऱ्यांना अडवायचं, एवढंच त्यांचं काम. टाळ्या बॉल फेकणाऱ्याला आणि झेलणाऱ्याला. लाइनमधल्या पोराचं नाव लोकांना कळतं ते तो चुकल्यावर. त्यातला सगळ्यात डावीकडचा तो लेफ्ट टॅकल. बॉल फेकताना क्वार्टरबॅकची पाठ त्याच्या बाजूला असते, त्यामुळे हा ढिला पडला की क्वार्टरबॅकला मागून येणारी धडक दिसतसुद्धा नाही.

त्या वर्षी आमच्या लाइनमधली बहुतेक मुलं पदवी घेऊन बाहेर पडली होती. गावात दुसरा विषय नव्हता. केस कापणारा, पोस्टातली बाई, ऑफिसातला माझा बॉस, सगळ्यांचं एकच, पुढच्या सीझनला लाइनचं काय? डेंटिस्टने मला हा प्रश्न दातात ड्रिल घालून विचारला आहे. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. इतकी वर्षं इथे राहून इथल्या माणसांशी मला न अडखळता बोलता येईल असा हा एकच विषय. लाइनबद्दल बोलताना मी त्यांच्यातला असायचो. विषय बदलला की पुन्हा आयटी डिपार्टमेंटमधला तो शांत इंडियन.

काकूंच्या मागच्या अंगणाला लागून एक भाड्याचं घर होतं. तिथे टायलर राहायला आला. साडेसहा फूट उंच, पश्चिमेकडच्या एका गुरांच्या फार्मवरचा, दुसऱ्या वर्षाचा मुलगा. लेफ्ट टॅकलच्या जागेसाठी त्याचं नाव पुढे होतं, पण त्याचं वजन एकशे पंधरा किलो. आपल्याकडे एवढ्या वजनाच्या माणसाचं डॉक्टर गोड बंद करतात. इथे कोच त्याला म्हणाला होता, "बारीक आहेस. ऑगस्टपर्यंत अंगावर मांस चढव, नाहीतर दुसऱ्या कॉलेजातून तयार माणूस आणतो आणि तू बाकावर बस." मी काकूंचं गवत कापत असताना कुंपणापलीकडून त्यानेच मला हे सांगितलं. म्हणाला, "आय ईट अँड ईट, सर. इट जस्ट डझन्ट स्टिक."

मी मशिन बंद केलं आणि सरळ काकूंच्या स्वयंपाकघरात गेलो. "काकू, मागच्या घरात एक मुलगा आलाय. फार अशक्त आहे. आई-वडील लांब असतात." फुटबॉलचा मी एक शब्द काढला नाही. काकूंचं मन कुठे दाबलं की पाझरतं हे मला माहीत होतं, आणि मी बरोबर तिथे दाबलं. मला त्या पोराची काळजी नव्हती. मला लाइनची काळजी होती.

दुसऱ्या दिवशी टायलर दारात वाकून आत आला. काकूंनी खालपासून वरपर्यंत पाहिलं, त्याला वेळ लागला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हा अशक्त? अरे, ह्याच्या शेजारी माझा फ्रिज अशक्त दिसतोय." "बस रे बाळा," त्या त्याला म्हणाल्या. तो खुर्चीत बसला तरी उभ्या काकूंच्या उंचीचा. त्यांनी पापणी ओढली. बराच वेळ बघितलं. "रक्त नाही," त्या हळहळून म्हणाल्या. "एवढा देह आणि आत सगळा पोकळ. कोणी लक्षच दिलेलं नाही."

अनघाला हे कळलं तेव्हा ती कपाळाला हात लावून म्हणाली, "काकू, अहो अळीव कसलं देताय? अळिवाने बाईला दूध येतं!"

"त्याला नाही येणार," काकू शांतपणे म्हणाल्या. "त्याला बळ येईल."

टायलर खात सुटला. समोर येईल ते संपवून 'थँक यू, मॅम' म्हणायचा आणि ताट धुऊन ठेवायचा. काकूंना ताट धुणारा पुरुष नवीन होता. त्या मला बघ म्हणून खुणा करायच्या. तूप हा पदार्थ तो वरणावर घ्यायला शिकला, मग भातावर, आणि एकदा मी पाहिलं तेव्हा नुसता वाटीने. पण बाळंतपण म्हटलं की पथ्य आलं. बर्फाचं पाणी बंद. पंख्याखाली बसणं बंद. बाहेर जाताना कानाला रुमाल. ऐन जूनमध्ये तो पोरगा डोक्याला फुलाफुलांचा स्कार्फ बांधून प्रॅक्टिसला जायचा. डोळ्यांना ताण नको म्हणून खेळाच्या डावपेचांचा त्याचा टॅबलेट त्यांनी काढून घेतला आणि कुकरच्या मागे ठेवला. "वाचत काय बसतोस? पड जरा." सगळ्यात कठीण पथ्य पुढचं. "सव्वा महिना जड उचलायचं नाही."

टायलरने माझ्याकडे पाहिलं. तो रोज सकाळी जिममध्ये दोन माणसांच्या वजनाचं लोखंड खांद्यावर घेऊन उठाबशा काढत होता.

"नाही उचलत, काकू," मीच सांगितलं. "थोडे हातपाय हलवतो, एवढंच."

काकूंचा विश्वास बसला, असं मला वाटलं. पंधरवड्याने त्यांचं वॉशिंग मशिन गळायला लागलं. प्लंबरने ते भिंतीपासून सरकवायला सांगितलं, तर टायलरने ते मिठी मारून उचललं आणि "कुठे ठेवू?" म्हणून उभा राहिला. काकू किंचाळल्या. "ठेव! खाली ठेव आधी! ओटीपोट धर!" त्याला मराठी कळत नव्हतं, पण त्याने मशिन ठेवलं आणि काकू दाखवत होत्या तिथे दोन्ही हातांनी पोट धरून बसला. त्या दिवशी त्याला दुप्पट खीर मिळाली.

एकदा काकूंनी मला विचारलं, "हा खेळतो म्हणजे नक्की करतो काय?" तोपर्यंत खेळाचं लपवण्यात अर्थ उरला नव्हता.

"बॉल फेकणारा मुलगा मागे असतो. त्याच्यापर्यंत कोणाला पोचू द्यायचं नाही."

"आणि ह्याला बॉल कधी मिळतो?"

"मिळत नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

काकूंनी लसूण सोलता सोलता विचार केला. "म्हणजे बाळंतिणीच्या खोलीच्या दारात म्हातारी बसते, तसं. येणारा प्रत्येक जण म्हणतो, नुसतं बाळ बघून जातो. आणि तिने म्हणायचं, नाही." मग त्या मान हलवत म्हणाल्या, "कळलं. फार वाईट काम. सगळ्यांचे शिव्याशाप त्या म्हातारीलाच." इतकी वर्षं मी या खेळाची पुस्तकं वाचतोय, पण लाइनबद्दल इतकं नेमकं मला कोणी सांगितलेलं नाही.

शेक राहिला होता. स्मोक अलार्मशी काकूंचं जुनं वैर, म्हणून त्यांनी शेगडी मागच्या अंगणात मांडली. तिच्यावर जाळीची खुर्ची, खुर्चीवर टायलर, खाली ओव्याची धुरी, डोक्याला स्कार्फ. कुंपणावरून त्याच्या टीममधली मुलं बघायला लागली. आधी हसली. मग एकाने विचारलं, हे पाठीला बरं वाटतं का. टायलर डोळे मिटून म्हणाला, "ड्यूड." एवढंच. पुढच्या आठवड्यात अंगणात पाच खुर्च्या होत्या आणि पाचही जणांच्या डोक्याला काकूंचे स्कार्फ. धूर बघून शेजारचे म्हातारे गृहस्थ बार्बेक्यू असेल म्हणून बिअर घेऊन आले आणि काकूंनी त्यांना आल्या पावली परत पाठवलं. मी माझ्या टीमची अख्खी ऑफेन्सिव्ह लाइन पुढच्या सीझनसाठी ओव्यावर शेकताना बघत होतो. माझ्या ईशाच्या बारशालाही मी इतका हरखलो नव्हतो. हे लिहायला नको होतं, पण आता लिहिलंय.

वजन भराभर चढायला लागलं तशी टीमची आहारतज्ज्ञ बाई चौकशीला आली. तरुण, हसरी, पण नजर कडक. टेबलावरचा लाडू हातात घेऊन तिने विचारलं, ह्यात काय आहे? काकू म्हणाल्या, "डिंक." मी म्हणालो, "झाडाचा गोंद." तिने लाडू खाली ठेवला. "आणि हे साधारण कोणाला देतात?" मी घसा खाकरला. "ट्रॅडिशनल रिकव्हरी फूड आहे. अ‍ॅथलीट्ससाठी." काकूंना तेवढं इंग्रजी कळत होतं. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी खिडकीबाहेर बघायला लागलो. आहारतज्ज्ञ बाईने तपासणीला म्हणून एक लाडू पिशवीत घातला. मी तिला सोडायला गेलो तर गाडीपर्यंत पोचता पोचता तिने तो खाऊन टाकला होता. वर म्हणाली, "तपासायला अजून एक मिळेल का?"

ऑगस्टमध्ये वजन झालं. टायलर धावत आला, दारातूनच आकडा ओरडायला लागला, तर काकूंनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. "बोलून दाखवतात का!" त्याला जमिनीवर बसवलं, मीठ-मोहरी-मिरच्या मुठीत घेऊन त्याच्याभोवती फिरवल्या आणि त्या तव्यावर टाकल्या. मिरच्यांचा ठसका कोणालाच आला नाही. "बघ," त्या मला म्हणाल्या, "केवढी दृष्ट लागली होती. सगळ्या गावाची. पहिली तुझी."

तो सीझन आमच्या गावाला स्वप्नासारखा गेला. क्वार्टरबॅकच्या कपड्यांना माती लागत नव्हती. डेंटिस्ट खूश, बॉस खूश. मी ऑफिसात लोकांना सांगायचो, लेफ्ट टॅकल आमच्या ओळखीचा आहे. काकूंचं मात्र नाव काढत नसे. काय सांगणार होतो?

आणि जानेवारीत बातमी आली. शेजारच्या राज्यातल्या मोठ्या युनिव्हर्सिटीने टायलरला बोलावलं होतं, आणि तो जाणार होता. आजकाल मुलं अशी जातात. नियमात बसतं. पण ते आमचे जुने वैरी. मी त्याच संध्याकाळी काकूंकडे गेलो.

"तुम्ही सांगितलंत तर थांबेल तो."

"मी का सांगू?" काकू पोळी लाटत होत्या. "सव्वा महिना झाला की बाळंतीण आपल्या घरी जाते. माहेरी धरून ठेवतं का कोणी?"

"काकू, ते काय सासर आहे? ते आपले शत्रू आहेत!"

"मग सासर म्हणजे काय वेगळं असतं रे?"

मी म्हणालो, "आपण एवढं केलं त्याच्यासाठी."

लाटणं थांबलं. "आपण नाही. तू लाइनसाठी केलंस. अशक्त म्हणे! पहिल्या दिवशीच कळलं होतं मला. तुझ्या गाडीवर, टोपीवर, चहाच्या कपावर त्या टीमचं चित्र, आणि मला सांगायला आलास आई-वडील लांब असतात." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "ती लोखंडं उचलत होता तेही माहीत होतं. मी आपली जास्त तूप घालत होते." मग पोळी तव्यावर टाकत म्हणाल्या, "उद्या सकाळी ये. त्याचं सामान गाडीत ठेवायला माणूस हवा."

दुसऱ्या दिवशी बर्फात उभं राहून मी आमचा लेफ्ट टॅकल शत्रूकडे पाठवायला मदत केली. काकूंनी त्याच्या तळहातावर दही घातलं आणि हातात नारळ दिला. तो नारळ त्याने बॉलसारखा काखेत धरला आणि पहिल्यांदाच मला तो रडवेला दिसला. मी त्याच्याशी नीट बोललो नाही. 'गुड लक' म्हणालो, तेही गाडीच्या डिकीकडे बघून.

त्याच वर्षी दिवाळीनंतर काकू फ्रिस्कोला जायला तयार झाल्या. गुडघे थकले होते. जायच्या आधी म्हणाल्या, "तुझा तो खेळ एकदा दाखव." मी मुद्दामच त्या वैऱ्यांबरोबरच्या सामन्याची तिकिटं काढली की तेवढाच सामना घरच्या मैदानावर उरला होता, हे आता आठवत नाही. आठवत नाही म्हणतो, पण मुद्दामच काढली.

काकू इरकली साडीवर आमच्या टीमच्या रंगाचं जॅकेट घालून, पायात स्नीकर्स घालून स्टेडियमच्या पायऱ्या चढल्या. बसल्या बसल्या विचारलं, "आपला कुठाय?" मी बोट दाखवलं. पलीकडच्या रंगाचे कपडे, सगळ्यात डावीकडे. आमचा सगळ्यात चपळ गडी त्याच्यावर धावून गेला. टायलरने दोन पावलं मागे घेतली, हात पुढे केले, आणि आमचा गडी पाठीवर आडवा. हजारो माणसं कण्हली. त्यानंतरच्या शांततेत काकू उठून उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या.

मी त्यांच्या बाहीला धरून खाली ओढणार होतो. हात तिथपर्यंत गेलाही होता. पुढच्या रांगेतला तोंड रंगवलेला एक माणूस वळून म्हणाला, "मॅम, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या?" मग माझ्याकडे बघून, "ह्यांना खेळ कळतो ना?"

"काय म्हणतोय?" काकूंनी विचारलं. मी सांगितलं.

"सांग त्याला, त्या मुलाचं बाळंतपण मी केलंय."

माझ्या जिभेवर तीन-चार सोयीची उत्तरं आली होती. आजी आहे, पाहुणी आहे, पहिल्यांदाच आलीय. त्यातलं एकही दिलं नाही. मी उभा राहिलो आणि त्याला सांगितलं की आमच्याकडे मूल झाल्यावर बाईला सव्वा महिना खायला घालून, शेकून, झोपवून पुन्हा उभी करतात, आणि त्या लेफ्ट टॅकलला ह्या बाईंनी तसं उभं केलंय. गेल्या वर्षी, आपल्यासाठी. तेवढ्यात मैदानावर आमचा दुसरा गडी आडवा झाला. माणूस तिकडे बघून म्हणाला, "वेल, शी नोज हर जॉब," आणि स्वतःची बसायची गादी काढून त्याने काकूंच्या बाकावर ठेवली. काकू काही बसल्या नाहीत. मग मीही बसलो नाही. आमची टीम हरत होती आणि मी आमच्याच रंगाची टोपी घालून त्यांच्या लाइनसाठी टाळ्या वाजवत होतो. ऑफिसातलं कोणी बघत असेल का, हा विचार आला होता. आला आणि गेला.

सामना संपल्यावर टायलर हेल्मेट काढून कठड्याशी धावत आला. घामाने निथळत होता. मान, खांदे, दंड, सगळं पूर्वीपेक्षा दीडपट. काकू कठड्यावर वाकल्या, अंगठ्याने त्याची पापणी ओढून पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला.

"बारीक झालायस," त्या म्हणाल्या.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी जसंच्या तसं सांगितलं. तो हसेल असं मला वाटलं होतं. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "येस, मॅम."